मोटेच्या कातड्याचा पट्टा

कुत्र्याला पट्टा असतो हे मला सासरी येईपर्यंत माहीत नव्हतं. माहेरी, चाकणकडे, आमच्या दारात कुत्रं होतं, पण ते दाराचं होतं, कुणी बांधलेलं नव्हतं. सासरीही तसंच. पवनेच्या काठी, चिंचवडच्या अलीकडे आमचं गाव. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. मी सोळा-सतरा वर्षांची, घरात सगळ्यात नवी. कुत्रं माझ्याआधी तीन वर्षं त्या घरात आलेलं, त्यामुळे मानही त्याचाच जास्त. हे चेष्टेनं म्हणत नाही. मामंजी, म्हणजे माझे सासरे, जेवायला बसले की पहिली चतकोर भाकरी बाजूला निघायची ती त्याची.

नाव त्याला नव्हतं. रंगानं तांबडा, मान जाड, एक कान फाटलेला. मामंजी त्याला "गडी" म्हणायचे. बोलवायचं तर "यू यू" केलं की पुरे. सासूबाई तोंडानं "मुडदा" म्हणायच्या आणि कुणी बघत नसलं की ताकाचं भांडं त्याच्यापुढे सरकवायच्या.

गाव आणि रेल्वेचे रूळ यांच्या मधली आमची चांगली जमीन कारखान्यात गेली होती. विहीरही गेली. तारेच्या कुंपणापलीकडे तिचा धावेचा उतार अजून दिसायचा, मोट ओढताना बैल ज्या उतारानं मागेपुढे करतात तो. राहिलं ते माळाचं रान आणि एक बैलजोडी. जमिनीच्या बदल्यात घरातल्या एकाला कारखान्यात नोकरी मिळणार होती. माझ्या नवऱ्यानं जावं असं सगळ्यांना वाटत होतं. पण मामंजी म्हणाले, "त्याच्या हातात औत ऱ्हाऊ द्या, मी जातो." आणि पन्नाशीच्या पुढे ते फाटकावरचे वॉचमन झाले. खाकी गळाबंद कोट मिळाला. त्याच्या गळ्याला लोखंडी आकडा होता. तो लावला की मामंजींना धड खाली बघता यायचं नाही. कामावरून आले की उंबऱ्यातच आधी आकडा काढायचे, कोट खुंटीला, मग पाय धुवायचे, मग घोटभर पाणी.

गडी त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत जायचा आणि त्यांची पाळी सुटली की त्यांच्याबरोबर परत यायचा. दिवसभर तिथंच कडुलिंबाखाली पडून असायचा. आपलंच रान आहे असं त्याला वाटत असणार. तारेचं कुंपण कशासाठी असतं हे माणसांनाही नीट समजलं नव्हतं, त्याला कोण समजावणार?

मग एक दिवस साहेबांच्या नव्या क्वार्टर्समध्ये पिसाळलेलं कुत्रं शिरलं आणि एका स्वयंपाक्याला चावलं. दुसऱ्या दिवशी मामंजी घरी आले ते तोंड उतरवूनच. वरिष्ठांनी बजावलं होतं की आठ दिवसांनी बंदूकवाला येणार. फाटकाशी नाहीतर कुंपणाच्या आत बिनपट्ट्याचं कुत्रं दिसलं की गोळी. पट्टा असेल ते कुत्रं मालकाचं धरायचं, त्याला हात लावायचा नाही.

"बांधून घाला की मुडद्याला," सासूबाई म्हणाल्या.

बांधला. दोन दिवसांत त्यानं दोन दावी दातांनी तोडली आणि तुटकं दावं ओढत फाटकावर हजर झाला. मग मामंजींनी सुतळी वळून गळ्यात घातली. वरिष्ठ म्हणाले, दोऱ्यानं भागायचं नाही, गावातली पोरं प्रत्येक कुत्र्याला दोरा बांधतात. लांबून दिसेल असा पट्टा पाहिजे, चामड्याचा, बक्कल असलेला.

आता आली का पंचाईत! आमच्या गावात बैलाची घुंगरमाळ मिळेल, घोड्याचा लगाम मिळेल, कुत्र्याचा पट्टा कुठून मिळायचा? मामंजींनी आधी बैलाच्या घुंगराचा जुना पट्टा काढला. तो गड्याच्या गळ्यात पडला आणि पायापर्यंत लोंबला. गडी मान खाली घालून जागच्या जागी उभा राहिला. एक पाऊल टाकेना. मी हसले, सासूबाई हसल्या, नवरा तर लोळायचाच बाकी होता. मामंजी मात्र हसले नाहीत. त्यांनी गुपचूप पट्टा काढला आणि गड्याची मान चोळली.

तेव्हा माळावर धनगरांची मेंढरं बसायला आली होती. खतासाठी दर वर्षी यायची. त्यांच्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचे पट्टे असायचे, बिबट्यानं मान धरू नये म्हणून. एका म्हाताऱ्या धनगरानं आपल्या मेलेल्या कुत्र्याचा पट्टा मामंजींना दिला. पट्टा झकास होता, फर्लांगावरून दिसायचा. पण गड्याला खोड होती. मामंजी बसले की तो येऊन त्यांच्या मांडीवर मान घासायचा. त्यानं त्या दिवशीही घासली. धोतराला रक्त लागलं, काटा चांगला बोटाच्या पेराएवढा रुतला. मामंजी ओरडले नाहीत, पण ते दचकलेले बघून गडी दोन दिवस त्यांच्या जवळ गेला नाही. पट्टा धनगराला परत केला.

मग माझा नवरा चिंचवड स्टेशनवर आगगाडीत बसून पुण्याला गेला. तिथं लष्कर भागात, म्हणजे कॅम्पात, साहेबी दुकानं आहेत असं कुणीतरी सांगितलं होतं. लालभडक कातड्याचा, चकचकीत बकलेचा पट्टा घेऊन आला. माप काय घेतलंत म्हणून विचारलं, तर म्हणे आपल्या दंडाचं. गड्याची मान कुठं आणि ह्यांचा दंड कुठं! बक्कल शेवटच्या भोकापर्यंतही पोचेना. शेवटी तो लाल पट्टा शेळीच्या करडाच्या गळ्यात गेला आणि ते करडू गावभर साहेबासारखं हिंडलं.

सासूबाईंचा संयम सुटला. "सुनेचं डोरलं करायला एवढ्या चकरा न्हाई मारल्या, आन् कुत्र्याच्या गळ्यासाठी पुणं केलं!" मी खाली मान घालून भाकरी थापत होते. खरं सांगायचं तर मलाही ते लागलं होतं. त्या घरात कुणी माझ्यासाठी इतकं धावेल का, असं मनात आलं. कुत्र्याचा हेवा करण्याइतकी मी लहान होते.

आठ दिवसांतले दोन राहिले तेव्हा मामंजी माळ्यावर चढले आणि मोट खाली काढली. विहीर गेल्यापासून ती तिथंच पडून होती. मी त्या घरात ती चालताना कधी पाहिली नाही. तिच्या सोंडेचं, म्हणजे पाणी ओतायच्या नळीचं, कातडं वर्षानुवर्षं पाण्यात भिजून, तेल खाऊन इतकं मऊ झालं होतं की हातात घेतलं तर लुगड्याच्या घडीसारखं वळायचं. गावात मोटा शिवणारा एक म्हातारा कारागीर होता. ही मोटही त्यानंच शिवली होती. मामंजींनी ती त्याच्यापुढे ठेवली. त्यानं मोटेकडे बघितलं, मामंजींकडे बघितलं.

"कापू?" त्यानं विचारलं.

"काप. आता कुठं सोडायची हाय?"

म्हाताऱ्यानं गड्याचं माप सुतानं घेतलं. मग स्वतःची दोन बोटं सुताखाली घालून बघितली. "दोन बोटं जायाला पायजेत," तो म्हणाला. "कमी जागा ठिवली तर गळा धरतंय, जास्ती ठिवली तर निसटतंय." टांग्याच्या जुन्या सामानातली पितळी बक्कल त्यानं लावली, कडा दुहेरी शिवली. संध्याकाळी पट्टा गड्याच्या गळ्यात गेला. गड्यानं एकदा मान झटकली, एकदा पायानं खाजवलं, आणि विसरून गेला. मामंजींच्या मांडीवर येऊन त्यानं मान घासली. तेव्हा मात्र मामंजी हसले, आणि मग उठून गोठ्यात गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

इथपर्यंत सगळं नीट झालं होतं. पुढचं आमच्या रीतीनं केलं.

आमच्याकडे जनावर औतातून सुटलं की त्याच्या गळ्यात काही ठेवत नाहीत. जू उतरवायचं, पट्टा सोडायचा, घुंगरमाळ काढायची, मान चोळायची, आणि मगच पुढ्यात वैरण टाकायची. जुंपलेल्या अंगानं जनावराला घास गोड लागत नाही असं मामंजी म्हणायचे. चुकून कुणी माळ तशीच ठेवून वैरण टाकली तर घरात बोलणी बसायची. गडीही मामंजींच्या लेखी कामावरून येणारं जनावर होतं. सकाळच्या पाळीहून दोघे घरी आले की मामंजी आधी स्वतःच्या कोटाचा आकडा काढायचे, मग गड्याच्या पट्ट्याची बक्कल. कोट एका खुंटीला, पट्टा दुसऱ्या. गड्याची मान चोळायची, मग त्याची भाकरी. सकाळी निघताना पुन्हा दोघांच्या गळ्यात दोन्ही. बंदूकवाला येऊन गेला, दोन-तीन भटकी कुत्री गेली, पण गड्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. तो आठवड्यातून दोनदा यायचा.

महिन्याभरानं मामंजींची पाळी बदलली. दुपारी तीनला जायचं. पहिल्याच दिवशी दोघे आपले नेहमीसारखे गेले. मामंजी रात्री येणार होते. पण कुत्र्याला पाळी काय कळणार? भूक लागली तसा तो दिवेलागणीला एकटाच घरी आला आणि स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

मी त्याचा पट्टा काढला.

कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. नव्या सुनेला घरची रीत कळते हे दाखवायची हौस होती. मामंजी नाहीत तर मी आहे, असंही वाटलं असेल. बक्कल सोडली, पट्टा त्याच्या खुंटीला टांगला, मान चोळली. पहिल्यांदाच चोळली मी ती मान. त्यानं डोळे मिटले. मग ताकात भाकरी कुस्करून दिली. खाऊन झाल्यावर तो गोठ्याकडे जाईल असं मला वाटलं. तो फाटकाकडे निघाला, मामंजींना आणायला.

माझं लक्ष खुंटीकडे गेलं तेव्हा तो वाटेवरच्या चिंचेपर्यंत पोचला होता. मी पट्टा हातात घेऊन दारात आले आणि "यू यू" केलं. पण मोठ्यानं नाही. सासूबाई आत होत्या, रस्त्यावर चार माणसं होती, आणि नव्या सुनेनं दिवेलागणीला रस्त्यावर ओरडायचं नसतं. त्यानं मागं वळून बघितलं नाही. नवरा अजून रानातून आला नव्हता. तो आला की पाठवू, असं मी मनाशी म्हटलं. पदराखाली पट्टा धरून मी दारातच उभी राहिले. थोड्या वेळानं फाटकाच्या बाजूनं एक आवाज आला.

काय झालं ते मामंजींनी कधीच सांगितलं नाही. त्यांच्याबरोबर मराठवाड्याकडचा एक वॉचमन होता, त्यानं माझ्या नवऱ्याला सांगितलं. गडी मामंजींना बघून शेपूट हलवत धावत आला. त्यामुळे तो बंदुकीच्या सरळ रेषेत होता. मामंजी "माझं हाय, माझं हाय" म्हणत पुढे झाले. बंदूकवाल्यानं विचारलं, "पट्टा कुठंय?" मामंजी म्हणाले, "घरी हाय." तोवर झालेलं होतं. पाळी सुटेपर्यंत फाटक सोडता येत नव्हतं. त्यांनी त्याच्यावर पोतं घातलं आणि तिथंच उभे राहिले.

सकाळी मी सडा टाकायला उठले तर मामंजी माळाच्या बांधावर, बाभळीखाली, खड्ड्यावर माती ओढत होते. सासूबाई पदर डोळ्याला लावून बांधापर्यंत गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "पन पट्टा काढला कुनी त्याचा?"

मी घागर हातात घेऊन उभी होते. मामंजींनी वर बघितलं नाही.

"मीच," ते म्हणाले. "जाताना मीच काढून ठिवला."

सासूबाई त्यांना नाही नाही ते बोलल्या. कुत्र्याला पट्टा करायला पुणं पालथं घातलं आणि घालायच्या दिवशी अक्कल कुठं गेली होती, म्हणाल्या. पुढे कित्येक दिवस बोलत होत्या. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं. आणि मी ऐकू दिलं. "मी काढला" हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. त्या दिवशी नाही, ते गेले त्या दिवशीही नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांतलं कुणीही उरलेलं नाही.

पंधरा दिवसांनी मामंजींची सकाळची पाळी परत लागली. दुपारी आले. उंबऱ्यात थांबले नाहीत, खुंटीकडे गेले नाहीत. पाय धुतले आणि कोट तसाच घालून, गळ्याचा आकडा लावलेला, पाटावर येऊन बसले. उकाडा होता. मान आखडून त्यांना ताटाकडे नीट बघता येत नव्हतं. मी सासऱ्यांशी सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोलले.

"मामंजी, कोट काढा की. भाकरी वाढते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"ऱ्हाऊ दे पोरी," ते म्हणाले. "गळ्यात असल्यालं बरं."

आकड्याचा लाल वळ त्यांच्या मानेवर उठलेला दिसत होता. बैलाची मान असती तर चोळली असती, कुत्र्याची चोळली होती. सासऱ्यांची कशी चोळणार? मी भाकरी वाढली.