आमचे परस आणि ऋषीची भाजी

तमाम लोकांस जाहीर करण्यात येते की, ठाण्यास आमच्या परसात उगवणारा टाकळा हे गवत नव्हे, कुर्डू हे गवत नव्हे, आणि घोळ तर मुळीच नव्हे. यापुढे जो कोणी त्यांस गवत म्हणेल त्याने आमच्या पंक्तीला बसू नये.

हा जाहीरनामा मी विहिरीच्या काठावर उभी राहून, कमरेवर घागर घेऊन, एकाच श्रोत्यापुढे वाचला. तो श्रोता म्हणजे आमचे यजमान.

यजमान कचेरीत कारकून. शेजारच्यांच्या अंगणात शेवंतीचे वाफे, गुलाबाची झाडे. आमच्या परसात मात्र कमरेएवढे रान. श्रावण सरत आला तसे त्यांनी ठरवले की, माणूस लावून सगळे कापून काढायचे आणि शेवंती लावायची. मी म्हटले, शेवंती खाता येत नाही. ते म्हणाले, गवत तरी कुठे खाता येते? झाले. मी हटून बसले.

ऋषिपंचमीला कल्याणहून त्यांच्या आत्याबाई यायच्या होत्या. त्या दिवशी आम्ही बायका बैलाच्या श्रमाचे काही खात नाही. नांगरलेल्या जमिनीतला दाणा नाही, पाला नाही. आपोआप उगवलेले किंवा हाताने लावलेले तेवढेच चालते. आत्याबाई याबाबतीत अशा कडक की, भाजीवालीची उलटतपासणी करून तिला रडकुंडीला आणत. मी पैज मारली. त्यांचे पान परसातल्या भाजीने भरले आणि त्यांनी ते गोड मानून घेतले, तर परसात विळा येणार नाही. नाही मानले, तर दुसऱ्याच दिवशी माणूस बोलवावा.

माझी आई सांगे की, आधी वास, मग देठ, मग फूल. तिन्ही साक्षी जुळल्या नाहीत तर हात मागे घ्यावा. त्या नियमाने मी रोज सकाळी पदर खोचून रानात शिरे. टाकळा सांजावले की पाने मिटून घेतो, म्हणून आदल्या संध्याकाळी त्याची ओळख पटवून ठेवायची आणि सकाळी नुसते कोवळे शेंडे खुडायचे. कुर्डू तुरा धरायच्या आत घ्यायचा. घोळीचे पान जाड, चवीला आंबूस. तिच्याच शेजारी जमिनीवर पसरणारी एक सोंगाडी बया असते. मोडली की पांढरा चीक गाळते, तिला दूर फेकायचे. रानअळूला चिंचेशिवाय हात लावायचा नाही, नाहीतर घसा आठवण ठेवतो. यजमान ओटीवर पान जमवीत बसत आणि विचारीत, आज कोणाला चारणार?

चतुर्थीच्या दिवशी गणपतीच्या गडबडीत कोणाचे परसाकडे लक्ष नव्हते. संध्याकाळी जाऊन बघते तो कुंपण आडवे झालेले आणि मध्यभागी शेजारच्या तेल्याचा बैल, डोळे मिटून, माझा टाकळा चघळत उभा. कुर्डू त्याने आधीच संपवला होता. त्याला हाकलून मी मागे वळले, तर यजमान दारात. इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी लग्नातही पाहिला नव्हता.

"बैल," ते म्हणाले. बस, एवढेच.

मी रडले नाही. पंचमीच्या सकाळी विहिरीमागे, भिंतीच्या कडेला, जिथे बैलाचे तोंड पोचले नव्हते तिथे वाकून वाकून खुडले. उरलेला टाकळा, मूठभर घोळ, अळूची पाने. खाडीचे मीठ, म्हशीचे तूप, भरपूर चिंच. आत्याबाईंनी पाणथळीत आपोआप उगवणारा देवभात पुरचुंडीत बांधून आणला होता, तो शिजवला. पान वाढले.

आत्याबाई जेवताना मौन पाळत. कितीही काही होवो, पानावरून उठेपर्यंत शब्द नाही. त्यांनी भाजीचा घास उचलला आणि नेमके तेव्हा यजमान वकिलासारखे घसा साफ करून म्हणाले, "आत्याबाई, तुमच्यापासून लपवणे पाप होईल. काल या परसात बैल फिरला आहे."

घास हवेतच थांबला. माझ्या डोळ्यांपुढे विळा चमकला.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि डावा हात मानेवर आडवा ठेवला, म्हणजे जू होते का? मी मान हलवली, नव्हते. मग त्यांनी डावी मूठ आवळून जमिनीकडे दाबली, म्हणजे नांगर? तोही नव्हता. शेवटी भुवया उंचावल्या, मग मेला करत काय होता? मी मुकाट्याने खाल्ल्याचा अभिनय केला, अगदी डोळे मिटून, रवंथासकट.

आत्याबाईंनी घास तोंडात घातला. सावकाश चावला. वाटीकडे बोट दाखवून आणखी भाजी मागितली. आणि मग, जन्मात कधी मोडले नव्हते ते मौन मोडून, भरल्या तोंडाने भाच्यावर कडाडल्या,

"अरे, तो बैल जेवायला आला होता, राबायला नव्हे."