मिठाची काच

सोनवणे मॅडम नसत्या, तर माझी नोकरी त्याच दिवशी गेली असती. इथे चेन्नईच्या प्रयोगशाळेत मी साफसफाई करतो. त्या दिवशी टेबलावरची गोल काच ओल्या फडक्याने पुसली, तर ती धुरकट झाली. जितकी पुसावी तितकी जास्तच. मी हातातलं फडकं घेऊन तसाच उभा राहिलो.

मॅडम बघून म्हणाल्या, "तानाजीभाऊ, काच कुठली, मीठ आहे ते. अवरक्त किरण आरपार जावेत म्हणून यंत्रात लावतात. निम्मं विरघळवलंत की."

मग त्यांनी समजावलं. सोडियमचा अणू एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीनचा तो घेतो आणि त्यामुळे दोघं एकमेकांना घट्ट धरून बसतात. मीठ वितळवायला भट्टी लागते, पण साधं पाणी मधे शिरून एकेकाला अलगद वेगळं करतं.

माझी शाळाही सातवीत अशीच अलगद सुटली. कुणी मारलं नाही, हाकललं नाही. गावही तसंच सुटलं.

प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांनी काच कुणी बिघडवली असं विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, "ओलं फडकं मीच दिलं होतं." बोलणी त्यांनी खाल्ली, मी खाली बघत राहिलो. मॅडम, हे मी फेडीन. एक दिवस सरांसमोर तोंड उघडून खरं काय ते सांगेन.