म्हशीला कळलं

शाहूपुरी नवी वसत होती, तेव्हा आमच्या हंबीररावांनी मंगळवार पेठेतलं घर विकलं आणि बायको चिमणाबाई नि म्हशीसकट तिकडं बिऱ्हाड हलवलं. पण म्हैस कसली राहतीय! रोज संध्याकाळी दावं तोडून जुन्या दारात जाऊन उभी. हंबीरराव शिव्या घालत तिला ओढून आणायचे. "घर बदललं एवढंबी कळत न्हाय हिला!"

नवव्या दिवशी म्हैस नव्या गोठ्यात निवांत रवंथ करत बसली. हंबीरराव मात्र घरात नव्हते. चिमणाबाईंनी काय ते ओळखलं, म्हशीच्या गळ्यातलं दावं काढून हातात घेतलं आणि तडक पेठ गाठली. नवरा जुन्या घराच्या कट्ट्यावर पसरून घोरत होता.

"अवो उठा! म्हशीला आठ दिसांत कळलं की. तुमास्नी बांधून न्हेऊ काय?"