टप्पा नसलेला फाटा

इंदापूर-बारामती पट्ट्यातल्या सरकारी बसगाड्यांचं वेळापत्रक लावायचं काम मी बरीच वर्षं केलं. कुठली गाडी कुठल्या गावावरून न्यायची हे मी टेबलाशी बसून ठरवायचो, आणि त्याची मला भारी घमेंड होती. चालक-वाहकांनी काही सुचवलं की माझं ठरलेलं उत्तर असे, "आकडे दाखव."

गळीत हंगाम सुरू झाला की लासुर्ण्याकडच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. सकाळची गाडी रोज अडकायची, कॉलेजची पोरं बोंब मारायची. मी तिकिटांचा तक्ता काढला. एका वस्तीच्या फाट्यावर एकही माणूस चढत नव्हता. मग तो फाटा टाळून गाडी कालव्याच्या रस्त्यानं वळवली. गाडी वेळेत यायला लागली आणि मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

आठवड्यानं नेहमीचा वाहक रजेवरून परत आला तो तडक माझ्यापुढं उभा राहिला. "साहेब, फाट्यावरच्या मावशींचं काय?"

त्या वस्तीतली एक बाई नवऱ्याबरोबर आठवड्यातून दोनदा डायलिसिसला बारामतीला जायची. फाट्याला टप्पा नव्हता, म्हणजे तिकिटाच्या मशीनमध्ये त्याचं नावच नव्हतं, म्हणून वाहक त्यांना मागच्या गावापासूनचं तिकीट द्यायचा. सगळेच वाहक असं करतात. मलाही ते चांगलं ठाऊक होतं. तक्ता बघताना एवढंही आठवू नये?

दुसऱ्याच दिवशी गाडी पुन्हा फाट्यावरून सोडली. चालक तिथं थांबून हॉर्न द्यायचा. कुणी येत नव्हतं.

काही दिवसांनी एक म्हातारा माझ्या खिडकीशी आला. "फाट्यावरनं आलोय, साहेब. आमची कारभारीण गेली. आता गाडी थांबवून हारन नका वाजवू. बाकीच्या लोकांचा खोळंबा हुतो."

मी त्यांना आत बसवलं, चहा मागवला. चहाला त्यांनी हात लावला नाही.

"गाडीचा काय दोष न्हाय. आमीच दोनदा उशिरा पोचलो. तिला चालवत नव्हतं. दुसऱ्या खेपेला वाटंत दोनदा बसली. गाडी गेली म्हनून मी लय बोललो तिला, भर रस्त्यात. 'माझ्यामुळंच चुकली वो' म्हनत रडत घरी आली. पुन्हा उठलीच न्हाय."

मला एकच वाक्य बोलायचं होतं. तात्या, तुमच्या उशिरानं गाडी चुकली नाही, ती फाट्यावर आलीच नव्हती. ते ओठांवर आलंही होतं. पण शेजारच्या टेबलावर दोघं काम करत होते, आणि मला नोकरी जायची भीती वाटली. आज लिहितानासुद्धा स्वतःची किळस येते.

"वाईट झालं, तात्या," एवढंच म्हणालो.

त्यांनी हात जोडले, कामात त्रास दिला म्हणून माझी माफी मागितली, आणि लासुर्ण्याच्या गाडीत जाऊन बसले.