ओम्याच्या डब्यातली टकटक

ओम्याच्या कॉम्प्युटरचे किस्से इतके साठलेत की नाक्यावर कोणी नुसतं "पंप" म्हणालं तरी आमच्यातल्या एकाला ठसका लागतो. त्यातल्या बऱ्याच किश्श्यांत गुन्हेगार मीच असतो. दहावीनंतर मी आणि शाळा, दोघांनी एकमेकांना सोडलं. तेव्हापासून माझ्याकडे टाइमच टाइम आहे.

सुरुवात पैजेने झाली. ओम्या करावे गावातला, वयाने माझ्याहून मोठा. त्याचा कॉम्प्युटर तुर्भ्याच्या भंगारातून एकेक पार्ट आणून जोडलेला. आतला पंखा असा ओरडायचा की त्याची सायलीताई आवाज रेकॉर्ड करायला बसली की मागे कोणीतरी होडीचं इंजिन चालू ठेवल्यासारखं वाटायचं. आणि ताईला ऑडिओबुकवाल्यांकडे काम मिळायचा चान्स होता. रविवारी संध्याकाळपर्यंत एक गोष्ट वाचून पाठवायची, मागे जरासुद्धा आवाज नको.

मी ओम्याला म्हटलं, "तो पंखा काढ. पाण्याने थंड करून दाखव. नाय जमलं तर महिनाभर मला दादा म्हणायचं."

डोकं असलेला माणूस विषय बदलतो. ओम्या पक्कड घेऊन आला. काढताना पंख्याच्या क्लिपा पण तोडल्या. म्हणजे आता जुना पंखा परत बसणार नाही. ताईने नुसतं बघितलं आणि म्हणाली, "ओंकार, माझं काम गेलं ना, तर तुलाच पाण्यात ठेवीन."

*

ओम्याची सिस्टिम अशी. प्रोटीन पावडरचा मोठा काळा डबा, त्यात पाणी, पाण्यात फिश टँकचा पंप. पंप पाणी ढकलणार, पाणी नळीतून प्रोसेसरची गरमी घेणार, भंगारातल्या गाडीच्या रेडिएटरमध्ये, त्यावरच्या हळू फिरणाऱ्या बिनआवाजी पंख्याने थंड होणार आणि परत डब्यात येणार. चालू केलं. गरम झालं नाही. फक्त घुळूक घुळूक व्हायला लागलं.

ओम्याची आजी बाजूला वाल सोलत होती. तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "खाल्लास काय रं सकाळी?"

"आजी, माझं पोट नाय. कॉम्प्युटर आहे."

"मंग त्याच्या पोटात हवा झालीय. ढेकर काढ त्याची."

आम्ही हसलो. मग ओम्याने इंटरनेटवर शोधलं. नळीत हवा अडकली की सगळं तिरकं करून थोपटायचं, असंच लिहिलेलं. आम्ही रेडिएटर मांडीवर आडवा घेतला, आजीने त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या. बुडबुडे आले, घुळूक बंद. आजी म्हणाली, "आता निजव त्याला."

*

मग गुणगुण सुरू झाली. पंप थरथरायचा, त्याने डबा थरथरायचा, डब्याने स्टीलचा रॅक आणि रॅकने भिंतीपलीकडची भांडी. स्वयंपाकघरात वाट्या आपोआप वाजायला लागल्या. आम्ही डब्याखाली स्पंज घातला, मग ओम्याच्या चपलेचा तुकडा. ओम्या एका पायात चप्पल घालून दुकानात जायला लागला. गुणगुण होतीच.

ओम्याचे बाबा खाडीत मासे धरतात. ते आले, ऐकलं, आत गेले आणि जुन्या जाळ्याचा तुकडा घेऊन आले. डबा जाळ्यात बांधून हुकाला टांगला. डबा कशालाच टेकत नव्हता, वाट्या गप्प.

बाबा हात पुसत म्हणाले, "पयल्यांदा बघतोय. पानी जाल्यात आनि मासा भाईर." बाहेरचा मासा म्हणजे ओम्या, हे त्याला जेवताना कळलं.

*

एवढं शांत झालं की मला राहवेना.

मी घुळूक घुळूक मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. छोटा ब्लूटूथ स्पीकर कपाटामागे सरकवला आणि वाजवलं. ओम्याने सगळं पाणी काढलं, परत भरलं, परत थोपटलं. मी शेजारी बसून टॉर्च धरत होतो, चेहरा एकदम सिरियस. तेवढ्यात माझा फोन वाजला. सवयीने उचलला. स्पीकर जोडलेलाच.

कपाटामागून माझ्या आईचा आवाज आला, "मेल्या, कुठे उलथलायस? दळण कोण आणणार?"

ताईने दार उघडलं. मी गेलो.

*

रविवारी दुपारी ओम्या आमच्या दारात. "स्पीकर काढ."

"कुठला स्पीकर?"

"टक टक येतंय. ताई गोष्ट वाचते, मध्येच टक. सकाळपासून. नाटकं नको करू."

मी आईची शपथ घेतली. माझी आईसुद्धा म्हणाली, "ह्याच्यावर विश्वास ठेवू नको." आयुष्यात पहिल्यांदा मी काही केलं नव्हतं, आणि साक्षीदार कोणीच नाही. म्हटलं, आता ती टकटक मीच शोधणार.

कपाट सरकवलं. घड्याळाचा सेल काढला. फ्रिज बंद केला. टक. रेडिएटरवरचा पंखा बोटाने थांबवला. टक. ताई माइकसमोर कागद धरून बसलेली, उन्हं उतरायला लागलेली. शेवटी क्षणभर पंपाची पिन काढली. टकटक बंद. लावली, टक.

"पाण्यात आहे," मी म्हटलं. स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावली, टोक डब्याला. कानातच टक.

झाकण उघडलं. तळाला एक सुपारी. पाण्याच्या धारेत गरागरा फिरत होती आणि डब्यावर आपटत होती.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"सुपारी कशाला टाकू? मी गोटी टाकली असती."

ताई म्हणाली, "हे मात्र खरंय."

ओम्याने सुपारी काढली आणि खिडकीतून फेकायला हात उचलला.

"फेकू नको." आजी दारात उभी होती. "मीच टाकली ती."

ओम्याने हात खाली घेतला.

"पोरीच्या कामाचा पानी भरून ठेवलाय. कलशात आपन सुपारी घालतो का नाय? यात कोनी घातलीच नव्हती."

ताई हळू म्हणाली, "आजी, तिचाच आवाज येतोय गं."

आजीने विचार केला. पदराला हात पुसला, सुपारी ओम्याकडून घेतली आणि डब्याखाली मांडी घालून बसली. "मंग मी धरते मुठीत. तू वाच."

ताईने वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, मध्ये काही नाही. आजी डोळे मिटून, मूठ घट्ट. ताईने फाइल पाठवली, हेडफोन काढला, तरी आम्ही कोणी हललो नाही.

आजीने एक डोळा उघडला. "झाला? टाकू आता परत?"