सुकाणूच्या बिजागऱ्या रायपूरला

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सुकाणूच्या फळीची जाडी मोजणं. खाडीच्या काठावर कप्तानांची शिडाची बोट ओंडक्यांवर चढवलेली होती. कप्तान म्हणजे मुंबईचे एक निवृत्त जहाजवाले. या बोटीतच झोपायचं, रांधायचं आणि लांबलांब समुद्र हिंडायचा, असा त्यांचा बेत. ती जुनी बोट सबंध उकलून नवी करायचं काम माझ्याकडे. मी टेप वापरत नाही. बांबूची पट्टी लावतो आणि पटाशीनं खाच पाडतो. माझी बायको, नंदाची आई, पट्टीचं टोक फळीच्या कडेला धरून बसली होती. एक खाच पडली तशी ती म्हणाली, "अहो, चहा निवतोय. उरलेलं उद्या."

उठलो. दुसऱ्या दिवशी तिच्या छातीत दुखायला लागलं. चौथ्या दिवशी ती गेली.

त्यानंतर दोन महिने मी बोटीवर चढलो नाही. फक्त सुकाणूच्या दोन बिजागऱ्या राहिल्या होत्या, जुन्या गंजून खलास झालेल्या. कप्तानांचं पत्र आलं. पावसाआधी बोट पाण्यात पडली नाही तर दुसरा सुतार बघतो म्हणाले. मी मनात म्हटलं, बघा. या वयात कुणासाठी घाई करायची?

मग शेजाऱ्यांकडे नंदाचा फोन आला. नंदा माझी एकुलती मुलगी, रायपूरला दिलेली. तिथे उरला भागातल्या एका लोखंडी कामाच्या कारखान्यात ती ड्रॉइंग काढते. तिला आयटीआयला घातलं तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो. मुलीच्या जातीला लोखंड कशाला, असं माझं म्हणणं. आईनं घातलं. फोनवर नंदा म्हणाली, "बाबा, इकडे या. जुनी बिजागरी आणि मापाची पट्टी घेऊन या, मी करून देते." मनात धरलं, लेकीला भेटून येऊ. बिजागऱ्या झाल्या तर झाल्या, नाहीतर कप्तानांना नाही म्हणून टाकू.

दोन दिवस गाडीत गेले. नागपूर सोडल्यावर गाडी रिकामी झाली. गोंदियाच्या पुढे जंगल लागलं, वैशाखातही हिरवं. मी आयुष्यभर पश्चिमेला पाणी बघत आलो. इथे चारी बाजूंना जमीनच. मला उगीच तहान लागायची.

रायपूर स्टेशनाबाहेर पडलो तर सगळीकडे नव्या रंगाचा वास. नवं राज्य झालं, शहराला राजधानीचा मान मिळाला, त्याची हवा प्रत्येक पाटीवर. राजधानी हॉटेल, राजधानी टेलर्स, राजधानी पंक्चरवाला. जावई प्रकाशराव स्कूटर घेऊन आले होते. ते रेल्वेत आहेत, मूळचे नागपूरकडचे. वाकून म्हणाले, "या मामाजी (तिकडे सासऱ्याला असं म्हणतात). आता तुमी राजधानीत आले बरं!"

"स्कूटर अजून जिल्ह्याचीच दिसते," मी म्हटलं.

ब्राह्मणपाऱ्यात (पारा म्हणजे आळी) शिरताना खड्डा लागला. माझी पिशवी फाटली आणि जुनी बिजागरी खणकन रस्त्यावर पडली. भाजीवाली उठून आली. "का गिरिस, बबा?" (काय पडलं, बाबा?) तिनं बिजागरी उचलून हातावर जोखली आणि हसली, "एला कोन लेही?" (हे कोण घेणार?) तिला मी भंगारवाला वाटलो. म्हटलं, "विकायची नाही, बाई. ही समुद्रात जाते." तिला काय कळलं कोण जाणे, पण पिशवी बांधायला सुतळी तिनंच दिली.

नंदा दारात उभी होती. आईसारखीच एका पायावर भार देऊन उभी राहते. तिनं पाणी दिलं, पट्टी घेतली आणि बिजागरी उलटसुलट करून बघत बसली.

सकाळी चिला केला होता. तांदळाच्या पिठाचा, म्हणजे आपलं घावनच, फक्त जाड आणि हिरव्या मिरचीचा. दुपारी बोरे-बासी, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून कांद्याबरोबर. त्या उन्हात पोटाला गार वाटतं. आपण शिळ्या भाताला नावं ठेवतो, ते लोक मानानं वाढतात. मला ते पटलं.

संध्याकाळी नात रुची मला तळ्यावर घेऊन गेली. त्या शहरात तळी पुष्कळ. ती मराठी समजते, पण बोलते हिंदी. "नानाजी, समुद्र इससे बड़ा है क्या?"

"थोडासा," मी म्हटलं.

"तो दिखता क्यों नहीं मॅप में आपका गांव?"

मी काडीनं मातीत एक ठिपका काढून दाखवला.

रात्रीच्या जेवणाला प्रकाशरावांनी विषय काढला. "मामाजी, वापस काहून जाता? तिकडं आता कोन हाय? मी तर तुमच्यासाठी मागची खोली रंगवून बी ठेवली." नंदा खाली मान घालून वाढत होती. त्या दोघांचं आधीच ठरलं होतं हे मला दिसलं. मी नाही म्हटलं नाही. खरं सांगतो, हो म्हणायच्या बेतात होतो.

चौथ्या दिवशी नंदानं मला उरल्याला नेलं. तिथे झाडांची पानंसुद्धा काळी. ट्रक, धूळ, पाळी सुटलेली माणसं. शेडमध्ये बिसाहू नावाचा कारागीर होता. त्यानं दोन नव्या बिजागऱ्या पुढे ठेवल्या. गंज न धरणाऱ्या पोलादाच्या, घासून आरशासारख्या केलेल्या. फळीला दोन्ही बाजूंनी धरणारे कान सरळ. मी खूश होऊन पट्टी लावली, आणि माझं डोकं फिरलं. कानांमधली जागा खाचेपेक्षा जास्त होती.

"ढीला है! मेरा माप पचास साल में गलत नहीं हुआ!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की पलीकडचं मशीन थांबलं.

बिसाहू म्हणाला, "मैं भी बोला था दीदी को, डंडी से नहीं मिल रहा. वो बोलीं, ड्रॉइंग देख के काटो."

मी नंदाकडे वळलो. "चौथी शिकलेल्या बापाचं माप तुला खोटं वाटलं होय?"

ती चिडली नाही. पट्टी माझ्यासमोर धरून हळू म्हणाली, "बाबा, ही सुकी खाच आहे. ओली कुठे आहे?"

आमच्या कामात प्रत्येक जाडीला दोन खाचा पडतात. काठावर उभ्या बोटीचं लाकूड सुकलेलं असतं, पाण्यात गेलं की फुगतं. म्हणून सुक्या खाचेच्या बाहेर अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सोडून ओली खाच पाडायची आणि लोखंड तिच्यावर करायचं. नाहीतर फळी कानांत आवळते, चिरते, आणि भर समुद्रात सुकाणू निकामी होतं. पट्टीवर ओली खाच नव्हती. चहाला उठलो होतो, ती पाडायची राहूनच गेली. चूक माझी. माणसं बुडवणारी चूक.

बिसाहूनं स्टूल सरकवलं, त्यावर बसलो.

"तुला हे कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"तुम्ही तर नाही. तुम्ही मला पटाशीला हात लावू द्यायचा नाहीत. आईनं शिकवलं. ती टोक धरून बसायची, मी तिच्या मांडीला टेकून. दर वेळी पुटपुटायची, सुकी झाली, आता ओली."

पन्नास वर्षं मला वाटत होतं की ती नुसती धरून बसते.

बिसाहूनं विचारलं, "बात क्या है, दीदी?"

"लकड़ी पानी पीती है, भैया. फूल जाती है."

"हव (हो), दीदी. लोहा भी पीता तो यहां सब की छुट्टी." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबूजी हैं न आपके? आवाज से पहचान गया. दीदी भी ऐसेइच चिल्लाती हैं."

सगळी शेड हसली. मीही हसलो, दोन महिन्यांत पहिल्यांदा. उठून उभा राहिलो आणि मोडक्या हिंदीत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ये मेरी लड़की है. मेरे से अच्छी कारीगर है." नंदा कागद आवरायला लागली. तिचे कान लाल झाले होते.

संध्याकाळी मी प्रकाशरावांना परतीचं तिकीट काढायला सांगितलं.

"रुसले काय, मामाजी?"

"रुसलो असतो तर इथेच राहून तुम्हाला छळलं असतं. बोट पुरी करायची आहे."

"अन् खोली? फुकट रंगवली म्हना की!"

"दिवाळीला येतो. रंग तोवर वाळू दे."

नंदानं अडवलं नाही. बिजागऱ्यांना तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि माझ्या ट्रंकेत कपड्यांच्या मधोमध ठेवल्या.

परत येताना तीच गाडी, तीच जमीन, पण मी ट्रंकेवर हात ठेवून बसलो होतो. समोरच्या माणसानं विचारलं, काय आहे त्यात? म्हटलं, माझ्या मुलीनं केलेलं काम आहे. त्याला बघायचं नव्हतं, तरी उघडून दाखवलं. गावात लोक विचारतात, रायपुरात बघण्यासारखं काय? तळी आहेत, देवळं आहेत, नवी राजधानी आहे. मी माझी मुलगी बघून आलो. ती जन्मापासून माझ्या घरात होती आणि मी तिला पाहिलं ते तेवढ्या लांब जाऊन.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच खाडीवर गेलो. सुकाणू दोरीनं उचललं, खाली ठोकळे सारले, एकट्यानंच बिजागऱ्या बसवल्या. फळी कानांत गेली आणि बाजूनं अर्ध्या सुताचा उजेड दिसला. मग बाजारात जाऊन कप्तानांना फोन लावला. बोट पाण्यात लोटताना पहिला नारळ मालकानं फोडायचा, ही आपली रीत. मी म्हटलं, "कप्तान, शीड घेऊन या. पण पहिला नारळ माझी मुलगी फोडणार. ती रायपूरहून येईल."

ते बरं म्हणाले. फोन खाली ठेवला आणि दुसरा लावला, नंदाला.