जिन्यातलं बाक

"दाराशी कोण आलंय गं? चहा विचारलास का?" ... सासूबाईंचं माझ्याशी झालेलं हे शेवटचं बोलणं. दाराशी कुणीच नव्हतं. मी आपलं "हो, विचारला" म्हटलं, आणि त्या समाधानानं डोळे मिटून पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. त्याला आता दीड महिना झाला.

दिल्लीत करोल बागेतलं आमचं तिसऱ्या मजल्यावरचं घर म्हणजे एके काळी धर्मशाळाच होती. हरिद्वारला निघालेले, मुलाखतीला आलेले, कुणाच्या तरी मेहुणीचे शेजारी... सगळे स्टेशनवरून थेट आमच्याकडे. मी कुरकुरायचे. नोकरी सांभाळून एवढ्या पोळ्या कोण लाटणार? आई म्हणायच्या, "एवढ्या लांब आलेल्या आपल्या माणसाला काय हॉटेलात पाठवायचं? शोभतं का?"

मग आमच्या मुक्ताला, चार वर्षांची असताना, रक्ताचा कर्करोग निघाला. इस्पितळातून घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं होतं, औषधांमुळे पोरीत ताकद उरलेली नाही, साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतेल, बाहेरचं माणूस घरात नको. आईंनी मान डोलावली. पण पंधरा दिवसांत त्यांचे धाकटे भाऊ, बाळमामा, नागपूरहून संत्र्यांची पेटी घेऊन दारात उभे. शिंकत होते. मी ऑफिसात. सख्ख्या भावाला कसं परतवायचं? आईंनी आत घेतलं. तिसऱ्या दिवशी मुक्ता तापानं फणफणली. नऊ दिवस पुन्हा इस्पितळ, त्यातले दोन असे की मी देवाशीसुद्धा बोलत नव्हते. आईंशी तर नाहीच. त्या स्वतःच म्हणाल्या, "चूक माझी. पोरीला घरी आण. यापुढे दार मी सांभाळीन."

घरी आलो तर दाराबाहेर जिन्यात एक लाकडी बाक ठेवलेलं. पाहुणा त्यावर बसणार, चहा-पोहे तिथंच घेणार. आई तोंडाला पदर लावून उंबऱ्याच्या आत उभ्या, दोघांत चांगलं दोन हातांचं अंतर. गप्पा यथेच्छ, आणि मग चक्क निरोप! पुढच्या खेपेला बाळमामा पहाडगंजच्या हॉटेलात उतरले. नागपूरभर बोभाटा झाला, बहिणीनं भावाला जिन्यात बसवलं म्हणून. "होऊ दे," आई म्हणाल्या. पण त्या दिवशी जेवल्या नाहीत, ते मी पाहिलं.

घरात मात्र आजी-नातीचं राज्य होतं. औषधांनी मुक्ताचं तोंड आलं की आई गुरगुट्या भात गार करून चमचा-चमचा भरवायच्या. गोळीची वेळ झाली की आरडाओरडा, "आजी, ये तो बिल्कुल कडवी आहे!" "असू दे. तोंड वाकडं कर, पण गिळ." मग आरशासमोर दोघी तोंडं वाकडी करायच्या. केस गेल्यावर मुक्तानं फर्मान काढलं, आजीनंही टोपी घालायची. मे महिन्यात माकडटोपी घालून पोळ्या लाटणारी बाई अख्ख्या दिल्लीत एकच असेल! मी हसत सुटले... किती महिन्यांनी. त्यांच्यावरचा माझा राग बहुधा त्याच दिवशी गेला. आई, किती लळा लागला होता मला तुमचा, हे कधी तोंडानं सांगितलं नाही.

अडीच वर्षांनी औषधं थांबली. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावर आईंनी पहिला फोन नागपूरला लावला. बाळमामा आले, आणि सवयीनं बाकावरच बसले. आईंनी त्यांच्या दंडाला धरून आत नेलं, श्रीखंड-पुरीचं जेवण घातलं आणि पदरात तोंड लपवून रडल्या.

आता त्या गेल्यावर मामा भेटायला आले. पंच्याऐंशीचे, तीन जिने चढून दमलेले. बेल वाजवली आणि बाकावर टेकले. दार मुक्तानं उघडलं. ती आता सव्वीसची आहे, केस कमरेपर्यंत. "मामाआजोबा, आत या ना."

"येतो गं. जरा सर्दी झालीय मला... तुझ्या आजीला विचार आधी."

 मुक्ता आत जाऊन दोन कप चहा घेऊन आली आणि बाकावर त्यांना अगदी चिकटून बसली.